सर्मेटची बळकटी आणि चिमूटभर कार्बाइड

लेथवर काम करणाऱ्या कारागिराच्या तोंडी 'विडिया' हा शब्द सहज येतो. पोलाद कापणाऱ्या हत्याराच्या टोकाला बसवलेला करड्या रंगाचा, अतिशय कठीण तुकडा म्हणजे विडिया. शब्द मूळचा जर्मन. 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या 'वी डियामांट' या शब्दजोडीचे ते आखूड रूप होय. बर्लिन येथील ओसराम या दिव्यांच्या कंपनीत कार्ल श्रॉटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी लोखंडाच्या गटातील धातूसोबत भाजून हा पदार्थ तयार केला. त्याच्या पेटंटचे वर्ष १९२३. दिव्यातील टंगस्टनची बारीक तार ओढण्यासाठी लागणारे हिऱ्याचे साचे फार महाग पडत, हे त्यामागचे निमित्त. पुढे क्रुप कंपनीने हाच पदार्थ विडिया या नावाने बाजारात आणला आणि यंत्रशाळांचा वेगच बदलून गेला.

तेव्हापासून आजपर्यंत जगातील धातुकाम प्रामुख्याने टंगस्टन कार्बाइडवर अवलंबून आहे. मात्र टंगस्टनच्या जागतिक उत्पादनाचा फार मोठा हिस्सा एकट्या चीनमधून येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टन, मोलिब्डेनम, टेल्युरियम, बिस्मथ आणि इंडियम यांच्याशी संबंधित काही वस्तूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्यामुळे एक जुना प्रश्न पुन्हा चर्चेत आला. टंगस्टनऐवजी टायटॅनियमच्या कार्बाइडवर आधारलेली हत्यारे, म्हणजेच सर्मेट, ही जागा कितपत घेऊ शकतील?

या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः सर्मेटच्या बळकटीवर अवलंबून आहे. आणि ही बळकटी ठरते ती त्यात थोड्या प्रमाणात मिसळल्या जाणाऱ्या इतर कार्बाइडांवरून.

मूळ दुखणे

सर्मेट हा सिरॅमिक आणि मेटल या दोन शब्दांचा जोडशब्द आहे. काटेकोरपणे पाहिले तर टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्टचा विडियाही सर्मेटच ठरतो. परंतु उद्योगात हे नाव टायटॅनियम कार्बाइड किंवा टायटॅनियम कार्बोनायट्राइड यांचे कण निकेल-कोबाल्टच्या बंधक धातूत बसवलेल्या पदार्थासाठी राखून ठेवलेले आहे.

टायटॅनियम कार्बाइडचे गुण आकर्षक आहेत. त्याचा वितळणबिंदू ३,००० अंश सेल्सिअसच्या पुढे आहे. काठिण्यात ते टंगस्टन कार्बाइडपेक्षा कमी नाही, उलट सरसच आहे. घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ४.९ ग्रॅम, म्हणजे टंगस्टन कार्बाइडच्या (सुमारे १५.६ ग्रॅम) एकतृतीयांशाहून कमी. शिवाय तापलेल्या पोलादात टंगस्टन कार्बाइड हळूहळू विरघळते आणि हत्याराच्या माथ्यावर खळगा पडतो. टायटॅनियम कार्बाइड या बाबतीत बरेच निश्चल राहते. म्हणूनच पोलादाच्या अखेरच्या गुळगुळीत कातकामात सर्मेटने मिळणारा पृष्ठभाग नावाजला जातो.

असे असूनही दुसऱ्या महायुद्धानंतर जेट इंजिनाच्या टर्बाइनची पाती या पदार्थाची बनवण्याचे जे प्रयत्न अमेरिकेत झाले, ते फसले. पाती उष्णतेला टिकत, पण धक्क्याला टिकत नसत. ठिसूळपणा हे सर्मेटचे मूळ दुखणे होते. त्याचे कारण समजण्यासाठी हा पदार्थ तयार कसा होतो, हे पाहावे लागेल.

अळवाचे पान आणि निकेलचा थेंब

कार्बाइड आणि धातू यांच्या भुकट्या बॉल मिलमध्ये कित्येक तास ओल्या दळल्या जातात. सुकवलेल्या भुकटीत थोडे मेण घालून ती साच्यात दाबतात आणि मिळालेला खडूसारखा ठिसूळ तुकडा निर्वात भट्टीत सुमारे १,४०० ते १,५०० अंशांवर भाजतात. या क्रियेस सिंटरिंग म्हणतात. या तापमानाला कार्बाइड वितळत नाही. बंधक धातू मात्र कार्बाइडचा काही अंश स्वतःत विरघळवून घेऊन द्रवरूप होते. हा द्रव कणांच्या फटींत शिरतो, कणांना जवळ ओढतो आणि तुकडा लांबी-रुंदीत सुमारे १७ ते २० टक्क्यांनी आक्रसून भरीव होतो.

हे सारे घडण्यासाठी एक अट आहे. द्रव धातूने कार्बाइडच्या पृष्ठभागावर पसरले पाहिजे. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब गोळा होऊन राहतो, तर मातीच्या भांड्यावर तोच थेंब पसरतो. शास्त्रज्ञ हा फरक थेंब आणि पृष्ठभाग यांच्यातील स्पर्शकोनाने मोजतात. कोबाल्टचा द्रव टंगस्टन कार्बाइडवर जवळजवळ शून्य अंशाच्या कोनाने पसरतो, म्हणजे त्याला पूर्णपणे भिजवतो. विडियाच्या यशाचे हे एक मोठे गमक आहे. निकेलचा द्रव टायटॅनियम कार्बाइडवर मात्र निर्वातातही सुमारे ३० अंशांचा कोन करतो. टायटॅनियम नायट्राइडवर तर तो याहूनही कमी पसरतो.

३० अंश हा आकडा ऐकायला फार मोठा वाटत नाही. पण त्याचा परिणाम असा की काही फटी भरल्याशिवाय राहतात, कार्बाइडचे कण एकमेकांना थेट चिकटून मोठे होतात आणि धातूची तळी एका बाजूला साचतात. भाजून निघालेल्या तुकड्यात सूक्ष्म पोकळ्या उरतात आणि त्याच पुढे घात करतात.

एखादी पोकळी किती घातक असू शकते, याचे ढोबळ गणित करता येते. ठिसूळ पदार्थ केव्हा तुटेल हे त्यातील सर्वांत मोठा दोष ठरवतो, हा ग्रिफिथ यांचा सिद्धांत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी मांडला गेला. सर्मेटचा तडारोधक चिवटपणा ९ मेगापास्कल वर्गमूळ मीटर धरला, तर १,८०० मेगापास्कल ताणाखाली तो तुकडा तोडण्यास सुमारे १६ मायक्रॉन रुंदीचा एक दोष पुरेसा ठरतो. माणसाचा केस साधारणपणे याच्या कित्येक पट जाड असतो. म्हणजे कण कितीही कठीण असोत, केसाहून बारीक एक पोकळी राहून गेली की त्या काठिण्याचा उपयोग संपला.

मोलिब्डेनमचा शोध

या अडचणीवर तोड निघाली ती मोलिब्डेनममधून. ऑस्ट्रियातील प्लान्से कारखान्याचे संस्थापक पॉल श्वार्झकोफ यांच्या वर्तुळात टायटॅनियम कार्बाइड, मोलिब्डेनम कार्बाइड आणि निकेल यांचे मिश्रण १९३०च्या सुमारासच वापरात आले होते. परंतु मोलिब्डेनम नेमके काय करते, हे उलगडण्यास आणखी पाव शतक जावे लागले. अमेरिकेतील फोर्ड मोटर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ह्युमेनिक आणि पारीख यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले, की निकेलमध्ये मोलिब्डेनम मिसळल्यास टायटॅनियम कार्बाइडवरील स्पर्शकोन ३० अंशांवरून शून्यापर्यंत खाली येतो. द्रव पसरू लागतो, कण एकमेकांपासून वेगळे राहतात आणि त्यामुळे बारीकही राहतात. आजच्या सर्मेटचा पाया याच निरीक्षणावर उभा आहे.

मोलिब्डेनम धातूच्या रूपात घाला अथवा कार्बाइडच्या रूपात, भट्टीत त्याची गती सारखीच होते. ते द्रवात विरघळते आणि नंतर टायटॅनियमसह कणांभोवती पुन्हा थर होऊन बसते.

संक्रांतीचा हलवा कसा करतात, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही क्रिया लगेच समजेल. कोमट परातीत तीळ हलवत राहून साखरेच्या पाकाचे थेंब टाकत गेले, की पाकातील साखर तिळाभोवती बसत जाते. मध्ये तीळ, भोवती साखर. सर्मेटच्या भट्टीत पाकाची जागा निकेलचा द्रव घेतो. फरक इतकाच, की येथे 'साखर' बाहेरून येत नाही. लहान टायटॅनियम कार्बाइडचे कण आणि मिसळलेली कार्बाइडे द्रवात विरघळतात आणि मोठ्या कणांवर संयुक्त कार्बाइडच्या रूपाने जमा होतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास प्रत्येक कणाचा गाभा काळा दिसतो, त्याभोवती करडे कवच आणि मधल्या जागेत पांढुरका बंधक धातू. टायटॅनियमसारखी हलकी मूलद्रव्ये काळी, तर मोलिब्डेनम, टंगस्टनसारखी जड मूलद्रव्ये उजळ दिसतात, म्हणून हे रंग. बारकाईने पाहता कवचाचेही दोन थर असतात. आतला पातळ थर द्रव तयार होण्यापूर्वी, घन अवस्थेतच बसतो आणि त्यात जड मूलद्रव्ये अधिक असतात. बाहेरचा थर द्रवातून बसतो.

हे कवच म्हणजे सर्मेटचे मर्म. निकेलला जो गाभा नीट भिजवता येत नाही, तो आता निकेलच्या आवडीच्या आवरणात दडलेला असतो. कण एकमेकांत मिसळून फुगत नाहीत. बारीक कणांमुळे काठिण्य वाढते, पोकळ्या कमी होतात आणि वाकवून तोडण्यास लागणारा ताण वाढतो.

मात्र येथेच अति तेथे माती हा न्यायही लागू होतो. मोलिब्डेनम कार्बाइड वाढवत गेले की कवच जाड होत जाते, आणि कवच स्वतः ठिसूळ असते. गाभा व कवच यांची रचना थोडी भिन्न असल्याने त्यांच्या सीमेवर ताण साठतो आणि तडा तेथून वाट काढतो. कवच जाड झाले की कणांमधील धातूचा पडदाही पातळ होतो. तड्याला अडवणारा खरा अडसर तोच असतो. त्यामुळे बळकटीचा आलेख आधी चढतो आणि एका शिखरानंतर उतरतो. हे शिखर बंधकाचे प्रमाण, भुकटीची बारीकी आणि नायट्रोजनचा अंश यांनुसार सरकत असल्याने सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा सांगणे योग्य होणार नाही.

नायट्रोजनचा उल्लेख ओघाने आलाच आहे. १९७०च्या आसपास व्हिएन्ना येथे रिचर्ड किफर आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम कार्बाइडमध्ये नायट्राइडचा अंश आणला आणि त्यानंतर जपानी उत्पादकांनी हा प्रकार मोठ्या प्रमाणावर रुजवला. मोलिब्डेनम आणि टंगस्टन यांना नायट्रोजनचे वावडे आहे. गाभ्यात नायट्रोजन असला की ही मूलद्रव्ये आत शिरत नाहीत, कवचातच राहतात. परिणामी कण आणखी बारीक राहतात. मात्र भट्टीत याच कारणाने नायट्रोजन वायुरूपाने बाहेर पडू लागला, तर पुन्हा पोकळ्यांचे संकट उभे राहते. म्हणून भट्टीतील वायूचा दाब टप्प्याटप्प्याने सांभाळावा लागतो.

इतर कार्बाइडांचे स्वभाव

टंगस्टन कार्बाइड हे सर्मेटमध्ये सर्रास मिसळले जाते, हे ऐकून काहींना नवल वाटेल. ज्याला पर्याय शोधायचा तेच पुन्हा आत! पण त्याचे काम मोलिब्डेनमसारखेच आहे. तेही भिजण्याची क्रिया सुधारते, कवचात बसते आणि काही अंश बंधक धातूत राहून तिला मजबुती देते. चिवटपणाच्या दृष्टीने ते मोलिब्डेनमपेक्षा सरस मानले जाते. प्रमाण फार झाले तर मात्र ते पूर्ण विरघळत नाही आणि त्याचे वेगळे कण रचनेत विखुरलेले दिसतात. काही वेळा जड मूलद्रव्यांनी भरलेले, पांढऱ्या गाभ्याचे उलट्या धाटणीचे कणही तयार होतात.

टँटॅलम आणि नायोबियम यांची कार्बाइडे वेगळ्या कामासाठी असतात. पोलाद वेगाने कापताना हत्याराची धार लालबुंद होते आणि तापलेल्या लाखेसारखी किंचित दबू लागते. ही दोन कार्बाइडे उष्ण अवस्थेतील काठिण्य टिकवतात, तसेच तापणे आणि अचानक थंड होणे या फेऱ्यांतून पडणाऱ्या तड्यांना आवर घालतात. टँटॅलम महाग असल्याने नायोबियमकडे कल असतो.

व्हॅनेडियम कार्बाइड हे कणांच्या वाढीला लगाम घालणारे सर्वांत प्रभावी द्रव्य मानले जाते. याचा खरा पराक्रम सर्मेटपेक्षा विडियामध्ये दिसतो. तेथे एक टक्क्याहून कमी व्हॅनेडियम कार्बाइड टंगस्टन कार्बाइडच्या कणांच्या कडांवर अत्यंत पातळ थर करून बसते आणि त्यांची वाढ रोखते. संगणकाच्या सर्किट बोर्डांना भोके पाडणारी केसासारखी बारीक ड्रिल अशाच अतिसूक्ष्म कणांच्या विडियाची असतात. सर्मेटमध्ये घातल्यास काठिण्य वाढते, पण चिवटपणाची किंमत मोजावी लागते. क्रोमियम कार्बाइड बरेचसे बंधक धातूतच विरघळते आणि तिला गंज व उष्ण हवेपासून वाचवते. रसायन उद्योगातील सील आणि झडपांसाठी या गुणाला महत्त्व आहे.

कार्बनचा हिशेब

वरील सर्व द्रव्ये योग्य प्रमाणात घेतली तरी एक गोष्ट साऱ्यावर पाणी फिरवू शकते. ती म्हणजे कार्बनचा हिशेब. प्रत्येक कार्बाइड आपल्यासोबत कार्बन आणते. भुकट्यांच्या पृष्ठभागावरील ऑक्सिजन भट्टीत त्यातला काही कार्बन जाळून नेतो. शेवटी कार्बन कमी पडला तर टंगस्टन किंवा मोलिब्डेनम, बंधक धातू आणि कार्बन यांचे 'ईटा' नावाचे ठिसूळ संयुग तयार होते. ते बंधक धातूच गिळंकृत करते. कार्बन जास्त झाला तर ग्राफाइटचे मऊ ठिपके उरतात, जे तड्याच्या दृष्टीने पोकळीसारखेच असतात. या दोहोंमधील सुरक्षित पट्टा अरुंद आहे. शुद्ध टंगस्टन कार्बाइडमध्ये वजनाने ६.१३ टक्के कार्बन असतो आणि विडियाच्या कारखान्यांत या आकड्याच्या दुसऱ्या दशांश स्थळावर लक्ष ठेवले जाते. तेथे कोबाल्ट चुंबकीय असल्याने तुकडा न तोडता चुंबकत्व मोजून कार्बनचा अंदाज घेता येतो. सर्मेटमधील निकेलमध्ये टायटॅनियम आणि मोलिब्डेनम विरघळल्याने त्याचे चुंबकत्व फार क्षीण होते आणि हा सोपा मार्ग तितकासा उपयोगी पडत नाही.

अनेक शोधनिबंधांत एखाद्या कार्बाइडचे प्रमाण बदलून बळकटीचा आलेख काढलेला असतो, परंतु त्यासोबत कार्बनचा समतोलही बदलला असण्याची शक्यता असते. ही गोष्ट लक्षात न घेता काढलेले निष्कर्ष सावधपणे वाचावेत.

बळकटी मोजण्याची रीतही साधीच आहे. सुमारे २० मिलिमीटर लांबीची पट्टी दोन आधारांवर ठेवून मध्यभागी दाब देतात आणि ती कोणत्या ताणाला तुटते ते नोंदवतात. एकाच घाण्यातील पट्ट्याही वेगवेगळ्या ताणाला तुटतात, कारण प्रत्येकीतील सर्वांत मोठा दोष वेगळा असतो. म्हणून केवळ सरासरी पुरेशी नसते, आकड्यांचा पसाराही पाहावा लागतो. चांगल्या प्रतीचे सर्मेट साधारणतः १,५०० ते २,५०० मेगापास्कलपर्यंत टिकते. विडियाच्या अनेक प्रती याच्या पुढे जातात. उष्णता वाहून नेण्यातही सर्मेट मागे आहे. यामुळे खाचखळगे असलेल्या कामावर, जेथे धार वारंवार आपटते, तेथे आजही विडियाच वापरला जातो.

भारतापुढील गणित

भारत सरकारने २०२३ मध्ये ३० अत्यावश्यक खनिजांची यादी जाहीर केली. सर्मेट आणि विडिया यांच्या संदर्भात ही यादी वाचणे उद्बोधक आहे. टंगस्टन, टायटॅनियम, मोलिब्डेनम, टँटॅलम, नायोबियम, व्हॅनेडियम, निकेल, कोबाल्ट ही सर्व नावे तिच्यात आहेत. टंगस्टनसाठी देश आयातीवर अवलंबून आहे. राजस्थानातील डेगाना येथील खाण गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील कुही परिसरात टंगस्टनची खनिजे आढळल्याची नोंद आहे, पण तेथून उत्पादन होत नाही. टायटॅनियमची स्थिती बरी आहे. इल्मेनाइटची वाळू केरळ, तमिळनाडू, ओडिशा येथे विपुल असून रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आढळते.

यावरून सर्मेट हा सोपा मार्ग आहे असे मात्र म्हणता येत नाही. टायटॅनियम घरचे असले तरी त्याला बळकटी देणारे मोलिब्डेनम बाहेरूनच आणावे लागते, आणि २०२५च्या चिनी निर्बंधांच्या यादीत टंगस्टनच्या शेजारीच त्याचे नाव आहे. टंगस्टनची गरज सर्मेटमुळे कमी होते, संपत नाही. एका बाजूचे परावलंबन हलके करताना दुसऱ्या बाजूचे किंचित जड होते.

या काळात वापरलेल्या तुकड्यांचे मोल वाढते, हे स्वाभाविक आहे. झिजलेल्या विडियातून टंगस्टन परत मिळवण्याच्या पद्धती रुळलेल्या आहेत. त्यांपैकी एकीत वितळलेले जस्त बंधक धातूत शिरवून तुकडा फुलवतात, नंतर जस्त वाफेच्या रूपाने काढून घेतात आणि उरलेला भुसभुशीत माल पुन्हा दळतात. या पद्धतीत कार्बाइड जसे असेल तसेच परत येते. त्यामुळे विडियाच्या ढिगात सर्मेटचे तुकडे मिसळले गेले, तर टायटॅनियमची भेसळ सरळ नव्या भुकटीत उतरते. भंगार वेगळे करताना दिसण्यावरून फसगत होते, विशेषतः दोन्हींवर सोनेरी मुलामा असल्यास. अशा वेळी तुकडा तळहातावर घेऊन पाहणे अधिक भरवशाचे. सारख्या आकाराचा सर्मेटचा तुकडा विडियाच्या निम्म्याच वजनाचा भरतो.